आल्प्सच्या वाटेवर चाळीस माणसांची खिचडी

मुलीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत वाळत घातलेल्या शेंगदाण्यांची राखण करत होतो. निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला आलेलं हे एकमेव जबाबदारीचं पद, आणि त्यातही कबुतरं माझ्यापेक्षा हुशार निघाली होती.

मुलगी दक्षिण जर्मनीत राहते, जावई तिथेच एका कारखान्यात आहे. ती सांगत होती, येत्या जूनमध्ये त्यांना मोठी सुट्टी आहे आणि कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यायचा विचार चाललाय. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत झोपायला बाक, छोटंसं स्वयंपाकघर, खिडक्यांना पडदे. ती ओढत आल्प्सचे डोंगर चढायचे, पलीकडे इटलीत उतरायचं आणि तिथल्या मोठमोठ्या तळ्यांच्या काठी मुक्काम करायचा. रोज थोडं थोडं जायचं, घाई नाही. तुम्ही दोघं या, तिकिटं आम्ही काढतो. मग आवाज खाली करून म्हणाली, "पप्पा, पण आई येणार असेल तरच. नाहीतर आम्ही नेहमीसारखे घरी बसू. तिचा होकार तेवढा मिळवून द्या."

तिच्या आवाज खाली करण्याला कारण होतं. माझी बायको याआधी एकदा जर्मनीला जाऊन आली होती, नातीच्या जन्माच्या वेळी. तेव्हा मला रजा मिळाली नाही, ती एकटी गेली. दोन विमानं बदलून, सामानात डिंक आणि खारीक घेऊन. जवळजवळ सगळा हिवाळा तिथे राहिली. परत आल्यावर शेजारणींनी घोळका करून विचारलं, काय काय पाहिलं? ती म्हणाली, "खिडकीतून समोरचं पार्किंग दिसायचं. चांगलं होतं." शेजारणी हसल्या. मुलीला मात्र ते कुणीतरी सांगितलं आणि तिला ते लागलं. तेव्हापासून आईला एकदा, काहीही काम नसताना, काहीतरी सुंदर दाखवायचं हे तिच्या मनाने घेतलं होतं.

मी आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत की तिच्या "बघू"चे सगळे प्रकार मला ओळखता येतात, असा माझा समज होता. हा "बघू" मी होकाराकडे झुकणारा धरला. आता थोडा रेटा दिला की काम झालं. आणि रेटा द्यायचं काम मला उत्तम जमतं, असंही मी धरून चाललो. सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलं आहे मी. पाणी अडलं की ते कुठून काढायचं हे आम्हाला कळतं.

दुसऱ्याच दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानातून युरोपचा नकाशा तुकड्यातुकड्यांनी छापून आणला, डिंकाने जोडला आणि जेवणाच्या टेबलासमोर, कॅलेंडर काढून, भिंतीवर लावला. जोडताना ऑस्ट्रियाचा एक तुकडा उलटा लागला. त्यामुळे आमचा रस्ता मध्येच आल्या वाटेने परत फिरत होता. ते चार दिवसांनी लक्षात आलं, तोवर मी त्या रस्त्याने दोरा लावून अंतरं मोजून मुलीला कळवलीसुद्धा होती.

मला कुठलीही नवी जागा कळायची तर ती आधी खानदेशात आणावी लागते. ही माझी जुनी खोड. मी बायकोला नकाशावर बोट ठेवून समजावून सांगू लागलो. हे मुलीचं गाव म्हणजे आपलं जळगाव समज. इथून निघालो की हे इन्सब्रुक, म्हणजे धुळे. मग हा ब्रेनरचा घाट, म्हणजे आपला कन्नडचा घाट, फक्त वर बर्फ. घाट उतरला की हे गार्डा नावाचं तळं. हतनूरच्या धरणात पाणी कसं पसरतं, तसंच, पण चहूबाजूंनी डोंगर. बायकोचं माहेर धुळ्याचं. ती म्हणाली, "इन्सब्रुकला माझं माहेर असेल तर मी तिथेच उतरते. पुढचं तुम्ही बघा."

हे मी शुभचिन्ह मानलं. माणूस थट्टा करतो म्हणजे निम्मा तयार असतो.

मुलीला मी रोज फोन करून प्रश्न विचारत होतो. तळ्याला पाणी कुठून येतं, सांडवा कोणत्या अंगाला आहे, गाळ किती साचलाय. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, ते तळं आहे. प्रकल्प नाहीये." जावई मात्र भला माणूस. त्याने कुठूनतरी शोधून मला सांडव्याची जागा कळवली. नेमकं सांगायचं तर त्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या नदीचं तोंड कळवलं. मी त्याचा आजही ऋणी आहे, कारण त्यानंतर मला नीट झोप लागली.

पण बायकोचा होकार अजून आलेला नव्हता, आणि मग मला ती नामी कल्पना सुचली. बायको बाहेरचं खात नाही. हॉटेलात नेलं तर ताटाकडे संशयाने बघत बसते. म्हणजे तिची अडचण जेवणाची असणार. आणि कॅरॅव्हॅनमध्ये तर स्वयंपाकघरच आहे. मी खूश झालो. लहानपणी आम्ही यात्रेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जायचो ते मला आठवलं. वर ताडपत्री, आत गाद्या, स्टोव्ह, पिठाचे डबे, दोन कुटुंबं. निंबाखाली ट्रॉली सोडायची, बाप्यांनी पत्ते मांडायचे, आम्ही पोरांनी पाळण्यात बसायचं आणि वेळेवर गरम भाकरी यायची. त्या भाकरी कुठून यायच्या, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नव्हता. कॅरॅव्हॅन म्हणजे काय, तीच ट्रॉली, पडदे लावलेली.

मग मी सगळा जोर स्वयंपाकघरावर लावला. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ किती न्यायचं, शेवभाजीचा मसाला कोणत्या डब्यात बांधायचा, उडदाचे पापड विमानात चुरा होऊ नयेत म्हणून काय करायचं. मुलीला विचारलं, तिथल्या शेगडीवर आपला लोखंडी तवा बसेल का? तवा इथूनच आणतो, वजन झालं तर माझे बूट कमी करू. आणखी विचारलं, गाडी चालू असताना आई मागे बसून चहा करू शकेल का, म्हणजे घाटात गरम चहा मिळेल. मुलगी म्हणाली, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणालाही बसता येत नाही, तसा तिथला कायदाच आहे. मी म्हटलं, कायदा तुमचा, चहा आमचा. ती हसली नाही. म्हणाली, "आईला विचारलं का तुम्ही?"

"तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

फोनवर बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं, नेटवर्क.

पौषात नानांकडे भरिताचं बोलावणं आलं. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळीची शेती आहे. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत करणं हा सणच असतो. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर मोठमोठी हिरवी वांगी भाजायची, सोलायची, लाकडी ठोक्याने ठेचायची, वर तेल-मिरचीची फोडणी. आणि हे काम पुरुषांचं. भाजणारे पुरुष, ठेचणारे पुरुष, फोडणी देणारे पुरुष. नाना दरवर्षी कमरेवर हात ठेवून जाहीर करतात की आज बायांना सुट्टी. मी ते लहानपणापासून ऐकत आलोय आणि दरवर्षी त्यावर मान डोलावत आलोय.

मी ठरवलं, ही कॅरॅव्हॅनची रंगीत तालीम करायची. गाडी पुढे नेणं जावयाचं काम, पण मुक्कामाच्या जागी ती मागे सरकवून लावावी लागते. ते मी करणार असं मी त्याला आधीच कळवून टाकलं होतं. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी नानांची कपाशीने भरलेली ट्रॉली मागे घेतलेली आहे. निदान एकदा तरी घेतली आहे.

तापीचा पूल ओलांडून आम्ही सकाळीच शेतात पोचलो. नानांच्या ट्रॉलीवर मी ताडपत्री बांधली, खाली गादी टाकली, एका कोपऱ्यात खोक्यावर शेगडी मांडली, शेजारी डबे, अगदी पडद्याच्या जागी वहिनींची जुनी ओढणीसुद्धा लावली. मग ट्रॅक्टरवर बसून ट्रॉली निंबाखाली मागे घ्यायला लागलो. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं असतं. हे मला माहीत होतं. पण माझ्या हातांना ते माहीत नव्हतं. ट्रॉली डावीकडे जाण्याऐवजी केळीच्या बागेत शिरली. मी ती बाहेर काढायला गेलो तर बांधावरच्या वाटेत आडवी अडकली. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, मध्ये कोपर वाकवल्यासारखा जोडणीचा आकडा. नेमका तेव्हाच केळी भरून निघालेला ट्रक पलीकडे येऊन उभा राहिला आणि हॉर्न देऊ लागला.

नाना वांगी भाजायचं सोडून आले. राख लागलेल्या हातांनी उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "भो, तू गाडी मांगे लेस का केळी तोडस?"

मी शेवटचा एक झटका दिला. त्यात चाकाखाली ठिबक सिंचनाची नळी आली, फुटली, आणि पाण्याचं कारंजं उडालं. भाकरी-पुऱ्यांच्या चुलीजवळून वहिनी ओरडल्या, "इटलीनं तळं आठेच उनं का?" इटलीचं तळं इथेच आलं म्हटल्यावर शेतातली सगळी माणसं हसली. नानांनी आजूबाजूच्या मळ्यांतलं निम्मं गाव बोलावलं होतं, त्यामुळे हसणारे पुष्कळ होते. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून हसला. शेवटी आकडा काढून पाच-सहा जणांनी ट्रॉली ढकलत निंबाखाली नेली. माझं काम त्यांच्या मागे चालत "जरा डावीकडे" म्हणत राहण्याचं होतं.

पण मी हार मानणारा नाही. ट्रॉली जागेवर उभी राहिल्याबरोबर मी चुलीकडे गेलो आणि बायकोला म्हटलं, "चल, तुला आपली गाडी दाखवतो." ती वहिनींबरोबर कळण्याच्या पुऱ्या लाटत होती. पुऱ्यांची परात भरत आली होती तरी बाजूला पिठाचा ढीग तसाच होता. तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते. ती उठली, माझ्या मागे आली, ट्रॉलीवर चढली. मी ओढणी बाजूला सारली, गादी दाखवली आणि मग मोठ्या ऐटीत ती शेगडी. म्हटलं, इथे तू, इथे तुझे डबे, इथून खिडकीतून आल्प्स दिसेल. तवा आपलाच.

ती शेगडीकडे बघत राहिली. गादीवर बसली नाही.

"तुम्हाला आठवतं, पिंपळनेरला बदली झाली तेव्हा आपण ट्रकमध्ये बसून गेलो होतो?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आठवतं ना. मजा आली होती.

"तेव्हाही पहिल्यांदा शेगडी उतरवली होती. साक्रीला, शिरपूरला, अमळनेरला, सगळीकडे पहिली शेगडी उतरायची." ती अगदी शांतपणे बोलत होती. "यात सुट्टी तुमची आहे. माझी तर बदली झालीय."



"तुम्ही जाऊन या. तिला सांगा, मला गुडघ्याचं जमत नाही. मी इथेच बरी आहे."

आणि ती खाली उतरली आणि पुऱ्या लाटायला गेली. वहिनी मागोमाग येऊन ट्रॉलीत डोकावून बघत होत्या. त्या शेगडीकडे बघून त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. म्हणाल्या, "तठे बी चुल्हाच शे का? मंग आठे काय वाईट शे?"

नाना लांबून बघत होते. त्यांना काय झालं ते नीट कळलं नसावं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. ते म्हणाले, "चाल भो, भरीत थंड व्हई ऱ्हायनं." भरीत उत्तम झालं होतं. सगळे पुरुष एकमेकांच्या हातांचं कौतुक करत जेवले. नानांनी कमरेवर हात ठेवून आज बायांना सुट्टी होती असं सांगितलं. मी पहिल्यांदाच मान वळवून चुलीकडे पाहिलं. चाळीसेक माणसांच्या पुऱ्या तळून झाल्यावर तिथे दोघी एकमेकींना वारा घालत बसल्या होत्या. कढईत शेवटच्या चार पुऱ्या होत्या, त्या त्यांच्या.

परतताना गाडीत मला पिंपळनेरचं क्वार्टर दिसत होतं. पत्र्याचं छप्पर, बाहेर नुसता चिखल, ट्रकमधून निम्मं सामानही उतरलेलं नाही आणि आत वरण शिजल्याचा वास. तिथे आपलं कसं होणार या विचाराने मी त्या दिवशी घाबरलो होतो. तो वास आला आणि मला वाटलं, होईल. पुढच्या प्रत्येक गावात असंच. माझी बदली सोपी झाली याचं श्रेय मी कायम माझ्या मनमिळाऊ स्वभावाला देत आलो होतो.

घरी आल्यावर मी मुलीला फोन केला आणि आईने सांगितलेलं गुडघ्याचं कारण सांगायला लागलो. पण दोन वाक्यांतच मला ते पेलवेना. जे झालं ते सगळं सांगितलं, ठिबकच्या नळीसकट. नळीवर ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, कॅरॅव्हॅन का घेतोय माहितीये? हॉटेलात लोक वाढतात आणि आई अवघडून बसते. तिला वाटतं आपण उठून मदत करावी. म्हणून म्हटलं, आपण चौघं आणि पोरगी, आपलीच गाडी, मी आणि हा स्वयंपाक करू. तिने फक्त बसून जेवायचं. मला एकदा तिला वाढायचंय." मग म्हणाली, "आणि तुम्ही तिला तवा घेऊन यायला सांगितलं."

मी फोन ठेवला. नकाशाकडे बघत बसलो. ऑस्ट्रियाचा तुकडा मी आता सरळ लावला होता, पण तरी बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला म्हणालो, चल, तिथला सगळा स्वयंपाक पुरुषांचा. मी आणि जावई. तू गाडीतल्या शेगडीला हातसुद्धा लावायचा नाही. ती चहा गाळत होती. म्हणाली, "तुम्हाला भरताशिवाय काय येतं? तेही पुऱ्या मी केल्या तर."

मी म्हटलं, शिकेन.

"मग आधी इथे करून दाखवा. होळीपर्यंत. मग बघू."

हा "बघू" मी कुठल्याही बाजूला झुकवला नाही. तेवढं मी शिकलो होतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझा कारभार सुरू झाला. पहिला पदार्थ खिचडी, कारण ती बिघडत नाही असं मी ऐकून होतो. माझी अडचण वेगळीच निघाली. मी जन्मात जो काही स्वयंपाक केला होता तो शेतातल्या भरिताचा. तिथे पातेलं आंघोळीच्या टपाएवढं आणि तिखट, मीठ, तेल सगळं मुठीने पडतं. दोन माणसांचं माप माझ्या हाताला माहीतच नव्हतं. डाळ-तांदूळ भांड्यात पडले, फुगले, दुसऱ्या भांड्यात काढले, तिसऱ्यात काढले. मग मी बादली घासून घेतली. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना खिचडी गेली. दुसऱ्या दिवशी शेवभाजी गेली. मग वरण. सुरुवातीला शेजारी हसून भांडी घेत. पुढे पुढे मी जिन्यात दिसलो की त्यांच्या घरात कुणीतरी नेमकं आजारी असे. तरी कुणी भांडं परत पाठवलं नाही. खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी तर सांगितलं, "चव चांगली आहे हो, फक्त आमची माणसं तीनच आहेत." मी त्यांचा शतशः आभारी आहे. त्या काळात माझ्याशी एवढं बरं कुणी बोललं नव्हतं.

माप हळूहळू सुधारलं. चाळिसावरून वीस, विसावरून आठ. आठावर आम्ही पुष्कळ दिवस अडकलो होतो.

पण बायकोची परीक्षा माझ्याहून अवघड होती, हे मला उशिरा कळलं. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसे आणि तिला हातांचं काय करावं ते कळत नसे. कुकरची शिट्टी झाली की ती अर्धी उठे, मग खाली बसे. मी आतून ओरडून विचारायचो, जिरं कुठाय, हिंग कुठाय, मोठा चमचा कुठाय, मीठ किती. ती बाहेरून सांगायची. असे काही दिवस गेल्यावर एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"असं विचारत राहिलात तर ही नोकरी माझीच आहे. फक्त बसून करायची."

तेव्हापासून विचारायची बंदी. मी हिंग अर्धा तास शोधला. तो काजूच्या जुन्या डब्यात होता. असं का, ते मला अजून माहीत नाही, पण तिला ते न बघता माहीत होतं, एवढी वर्षं. त्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तिच्या डोक्यात होते आणि मी त्या घरात पाहुण्यासारखा जेवून उठत होतो. ते लक्षात आल्यावर मी डब्यांचं झाकण जरा हळू लावायला लागलो. बाकी काय करणार?

भाकरीसाठी मी वहिनींना फोन लावला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि त्या सांगतील तसं थापायचं. वहिनींनी हे घाई न करता, रोज, न कंटाळता शिकवलं. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. त्यांचा फोन मोठ्या आवाजात असायचा आणि शेजारच्या चार-पाच बाया ओट्यावर बसून ऐकायच्या. मला ते कळलं नाना एकदा म्हणाले तेव्हा, की गावात कुणाच्याही घरी भाकरी फाटली की तिला आता माझं नाव देतात. मी रागावलो नाही. माझ्यामुळे इतक्या लोकांची सकाळ चांगली जात होती. आणि एके दिवशी भाकरी खरंच फुगली. पूर्ण नाही, एका बाजूने, डोंगरासारखी. वहिनी फोनवर बघून म्हणाल्या, "आते चांगलं शे." मला वाटलं, नोकरीत कायम झालो तेव्हाही इतका आनंद नव्हता झाला.

बायको खायची. काही म्हणायची नाही. पण एक दिवस मी पाहिलं, खुर्चीवर बसून ती नकाशाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी खुर्ची जरा नकाशाच्या बाजूला सरकलेली होती. मी काही बोललो नाही. माझ्यासाठी हे फार मोठं काम होतं.

होळी जवळ आली तेव्हा मुलीचा फोन आला. तळ्याकाठच्या जागा भराभर भरत होत्या. आत्ता सांगितलं नाही तर मिळणार नाही. मी भाकरी टाकत होतो, हात पिठाचे होते. म्हणून फोन बायकोने उचलला. मुलीने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बायकोचं ऐकू आलं.

"पोरी, त्या तळ्याकाठी दिवसभर करायचं काय असतं?"

मुलगी बोलली. बायको ऐकत राहिली.

"काहीच नाही? नुसतं बसायचं?"

परत मुलगी बोलली. या वेळी बराच वेळ.  मी तव्यासमोर उलथनं घेऊन उभा राहिलो. मग ती म्हणाली, "मग तिथे जास्त दिवस घे. ते डोंगर लवकर उरका."

पुढे दोघी काय बोलल्या ते मला नीट कळलं नाही. मुलगी रडत होती बहुतेक, कारण बायको "अगं, अगं" म्हणत होती आणि हसत होती. त्या दोघींचं असं बोलणं मी किती दिवसांनी ऐकत होतो. मला तिथून हलावंसं वाटेना. भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपल्याचा वास घरभर गेला.

बायको खुर्चीवरून उठली नाही.